टिंब की तिरकी रेघ

वेबसाइट करून देणं हा माझा धंदा आहे आणि या धंद्यात मला सगळ्यात जास्त राग एकाच वाक्याचा येतो. 'मॅडम, छोटंसं काम आहे, तुम्हाले जसं वाटते तसं करा.' हे म्हणणारा माणूस पुढचे कित्येक महिने तुम्हाला वाटतं तसं काहीच करू देत नाही. तरी दर वेळी मी फसते. महाल भागातल्या पंपवाल्यांच्या बाबतीत तर अशी फसले, की अजून त्या गल्लीतून गाडी नेताना माझं डोकं तापतं.

फवारणी पंपांचं दुकान, दोन भावांचं. थोरले पुढे गल्ल्यावर बसायचे, धाकटे मागे दुरुस्ती बघायचे. वेबसाइट मीच केलेली. पंप दाब का धरत नाही, वायसर कधी बदलायचा, नोझल कसं धुवायचं, असे लेख तिच्यावर होते आणि लोक ते शोधून शोधून वाचायचे. लेख लिहायची धाकट्यांची बायको. तिला मी वहिनी म्हणते. तिचं माहेर भिवापूरकडचं, मिरचीची शेती, त्यामुळे पाठीवर पंप घेऊन तिनं स्वतः फवारण्या केलेल्या. भिवापूर, पारशिवनीकडचे शेतकरी दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर बिघडलेल्या पंपांचे फोटो पाठवायचे. उत्तर दुकानाच्या नावानं जायचं आणि द्यायची ती, घरून, पोळ्या लाटता लाटता.

फोरम तिच्याच डोक्यातून निघाला. फोरम हा शब्द तिला ठाऊक नव्हता. तिनं मला एवढंच विचारलं, "ताई, एकाले सांगितलं ते दुसऱ्याले दिसत नाही. रोज तेच तेच लिहून राहिली मी. सगळ्यांचं एका ठिकाणी राहील असं काही करता येते का?"

मी म्हटलं, येतं. लोक प्रश्न विचारतील, तुम्ही उत्तर द्याल, बाकीचे वाचतील, आणि उत्तराखाली तुमचं नाव राहील.

"माझं नाव दिसन?" ती म्हणाली. "दुकानाचं नाही?"

तुमचंच, मी म्हटलं. त्या दिवशी मला चहाबरोबर चिवडाही मिळाला.

आता प्रश्न राहिला पत्त्याचा. फोरमला दोन प्रकारे पत्ता देता येतो. दुकानाच्या वेबसाइटचं नाव, त्यापुढे तिरकी रेघ आणि मग 'चर्चा', ही झाली सबडिरेक्टरी. किंवा आधी 'चर्चा', मग टिंब, मग दुकानाचं नाव, हे झालं सबडोमेन. कोणतं बरं, यावर आमच्या धंद्यातले लोक अजून हमरीतुमरीवर येतात. माझं मत साधं होतं. जुन्या वेबसाइटला लोक ओळखतात, शोधलं की ती वर दिसते. फोरम तिच्या पोटात ठेवला तर त्या ओळखीचा फायदा त्याला पहिल्या दिवसापासून मिळेल. टिंब लावून बाहेर काढला तर तो नव्यानं उभा करत बसावं लागेल.

हे सांगायला मी त्यांच्या घरी गेले. दोघं भाऊ दिवाणावर बसले. वहिनी चहा ठेवून दाराआड उभी राहिली, कारण त्या घरात सून भासऱ्यांसमोर बोलत नाही. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. त्याच्यासमोर डोक्यावर पदर, मान खाली आणि तोंड बंद. म्हणजे ज्या बाईला या विषयातलं सगळं कळत होतं, तिचा पदर तेवढा मला दाराच्या फटीतून दिसत होता आणि ज्यांना काहीच कळत नव्हतं ते दोघं माझ्याशी चर्चा करत होते.

थोरले म्हणाले, "मॅडम, लोकं तक्रारी लिहितीन. पंप खराब निघाला, दुकानदारानं फसवलं, काहीबाही. ते आपल्या पाटीखाली नको. वेगळं ठेवा."

"हो, वेगळंच बरं," धाकटे लगेच म्हणाले.

या दोघांचं एकमत झालेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. थोरल्यांना फोरम आपल्या अंगाला चिकटायला नको होता, हे उघड होतं. पण धाकट्यांना वेगळं कशाला हवं, ते मला कळेना. निघताना ते गाडीपर्यंत सोडायला आले तेव्हा कळलं. वाटणीचं बोलणं चालू होतं. आज ना उद्या दुकान फुटणार होतं. फोरम वेगळा असला की तो आपल्या वाट्याला येईल, असा त्यांचा हिशेब.

मी तिथेच, उन्हात, त्यांना समजावलं. टिंब लावल्यानं ती वेगळी मालमत्ता होत नाही. मूळ नाव ज्याच्या नावावर, त्याच्या हातात सगळंच. आणि मूळ नाव थोरल्यांच्या नावावर आहे.

"पण वेगळं तर आहे ना?"

"दिसायला."

"मग झालं," ते म्हणाले.

पुढच्या महिन्याभरात हे मी त्यांना फोनवर सांगितलं, दुकानात सांगितलं, लिहूनही पाठवलं. भिंतीशी बोलल्यासारखं. शेवटी मी टिंब लावून दिलं. काम माझं, डोकं त्यांचं.

व्हायचं तेच झालं. सुरुवातीला फोरमवर चिटपाखरू फिरकत नव्हतं. शोधणाऱ्याला जुने लेख दिसायचे, फोरम नाही. वहिनीनं मात्र चिकाटी सोडली नाही. व्हॉट्सअॅपवर प्रश्न आला की ती लिहायची, उत्तर तिथं टाकलं आहे, तिथं जाऊन पाहा. दोन हंगाम तिनं हे केलं. हळूहळू लोक यायला लागले, एकमेकांना उत्तरं द्यायला लागले, आणि 'वहिनींना विचारा' असं लिहायला लागले. पारशिवनीकडच्या कुणी तिच्या उत्तरावरून पंप घरीच दुरुस्त केला आणि त्याचा फोटो टाकला. तो फोटो तिनं मला पाठवला, सोबत एक अक्षरही न लिहिता.

मग वाटणी झाली. दोघांच्या मामांना मध्ये बसवून, जुन्या रीतीनं. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. एका वाट्यात पुढचं दुकान आणि वेबसाइट, दुसऱ्यात मागची दुरुस्ती आणि फोरम. धाकट्यांनी दुसरा वाटा उचलला आणि मला फोन करून सांगितलं, "मॅडम, फोरम आपला झाला." मला काय आनंद झाला असेल ते विचारू नका. मी म्हटलं, आता तरी भावाकडून लिहून घ्या, की हे टिंब असंच राहू देईन. "भावाभावात लिहून काय घ्यायचं?" हे त्यांचं उत्तर. वाटणी करून आलेला माणूस हे बोलत होता.

ऐन फवारणीच्या दिवसांत एका सकाळी वहिनीचा फोन आला. फोरम उघडत नव्हता. थोरल्यांनी वेबसाइट नव्यानं, दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतली होती. त्या भल्या माणसानं जुनं सगळं काढलं आणि टिंबाकडे बघितलंच नाही. फोरम माझ्या सर्व्हरवर जसाच्या तसा होता. तिथवर नेणारा पत्ता फक्त तुटला होता. एका ओळीचं काम होतं.

मी महालात गेले. थोरले गल्ल्यावर होते. मी म्हटलं, एक ओळ टाकायला सांगा, फोरम सुरू होईल.

"मॅडम, मी तिच्या फोरमले हात नाही लावला."

"तुम्ही नाही लावला. पत्ता तुटला आहे, तेवढा जोडून द्या."

"ते वेगळंच होतं ना? मामांसमोर झालं सगळं. त्यांचं त्यांच्याकडे, माझं माझ्याकडे. आता त्यांचं माझ्या नावात काहून टाकू?"

ते अगदी शांतपणे बोलत होते. त्यांच्या मते ते रीतीला धरून वागत होते, आणि याचाच मला जास्त संताप आला. भांडणारा माणूस परवडला. मी काहीतरी तोडून बोलले आणि बाहेर पडले. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तशीच धाकट्यांच्या घरी गेले. आता ते वेगळे राहत होते. वहिनी स्वयंपाकघरात होती. तिला सांगितलं, तुमचं एक अक्षर गेलेलं नाही, सगळं माझ्याकडे आहे. पण आता नवं नाव घ्यावं लागेल, पूर्ण वेगळं, आणि लोकांना पुन्हा गोळा करावं लागेल. तिनं गॅस बारीक केला आणि म्हणाली, "घ्या."

मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडला. नाव मोकळं होतं. मालक कोण, मोबाइल कोणता, एवढं भरायचं होतं. मी विचारलं, कोणाचं टाकू? धाकटे म्हणाले, "माझंच टाका. हिच्या नावावर कायले? घर एकच आहे." आणि त्यांनी आपला नंबर घडाघडा सांगितला.

मी काहीच टाइप केलं नाही. आतून वहिनीनं तिचा नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा करून, मोठ्यानं. मी तो टाकला. वरती तिचं नाव टाकलं.

धाकटे हातातल्या फोनकडे बघत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "मॅडम, ओटीपी नाही आला अजून."

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली आणि स्वतःच्या फोनवरून मला आकडे वाचून दाखवायला लागली.