कुत्र्यामागे धावणारी माणसं

कुत्रा पाळला की घरात केस साठतात, आणि त्याला स्पर्धेत उतरवला की किस्से! केस निदान झाडून टाकता येतात.

आमचा ग्रुप गोव्यातल्या पेडणे-डिचोलीतला, मूठभर घरांचा. खेळाचं नाव डॉग अजिलिटी. कुत्र्याने उड्या मारायच्या, कापडी बोगद्यातून जायचं, उंच फळीवरून चालायचं, आणि मालकाने शेजारून धावायचं. हात लावायचा नाही. फक्त बोलायचं आणि हातवारे करायचे. ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं!

* * *

पहिली स्पर्धा लाटंबार्श्याला, एका रिकाम्या शेतात. सुरू होण्याआधी वाट पाठ करायला मालकांना कुत्र्याशिवाय आत सोडतात. आम्ही सगळे गंभीर चेहऱ्याने हवेला हाका मारत फिरत होतो. "ये ये! उडी! शाबास! आता आत शीर!" कोणी गिरकी घेतंय, कोणी न दिसणाऱ्या कुत्र्यावर डोळे वटारतंय. आमच्या ग्रुपमधले बँक मॅनेजर तर वाकून हवेची पाठ थोपटत होते.

बांधावरून एक म्हातारी काजूंची पाटी घेऊन चालली होती. ती थबकली. पाटी खाली ठेवली आणि किंचाळली, "देवा म्हाराजा! इतक्या जणांक एकदम?"

गेली ती भूतबाधा उतरवणाऱ्या घाड्यालाच घेऊन आली! त्याच्या हातात नारळ, कपाळाला अंगारा. आम्ही त्याला समजावलं, खुर्ची दिली, चहा दिला. बिचाऱ्याने सगळी स्पर्धा डोळे विस्फारून पाहिली. निघताना नारळ माझ्या हातात ठेवून म्हणाला, "बाये, हेच्यार माझ्याकडे उपाय ना!"

* * *

विनायक परब मूळचा सावंतवाडीकडचा, आता डिचोलीला ट्रक चालवतो. त्याचा कुत्रा भीम, नावासारखाच धिप्पाड. एका स्पर्धेत भीम बोगद्यापाशी आला आणि अडला. पुन्हा आणला, पुन्हा अडला. शेपूट पायात, कुंईकुंई सुरू.

लोक हसायला लागले. विनायकचं डोकं फिरलं. "भीम नाव ठेवलंय नि भियतस? बघ, आत काय आसा ता बघ!" असं म्हणत तो स्वतःच गुडघ्यांवर बसून बोगद्यात शिरला. कंबरेपर्यंत गेला. आणि गेला त्याच्या दुप्पट वेगाने उलटा बाहेर आला!

चेहरा पांढराफटक. हाताचा फणा करून दाखवला तेव्हा आम्हाला कळलं. नाग! चांगला वेटोळं घालून बसलेला!

मैदान क्षणात रिकामं. पुढारलेल्या विचारांचे आमचे मॅनेजर जीपच्या टपावर! सर्पमित्राने येऊन नाग नेला. भीमच्या गळ्यात पडून विनायक लहान मुलासारखा रडला.

तेवढ्यात बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी घसा साफ केला. "सॉरी परब. हँडलर बोगद्यात शिरला. तुम्ही बाद!"

* * *

माझी कुत्री पिंकी गावठी. सासूबाईंना ती डोळ्यांसमोर नको. "कुत्र्याची जागा उंबऱ्याभायर," हे घरातलं कायमचं वाक्य. एकदा घरी कोणी नव्हतं म्हणून नाइलाजाने त्यांना स्पर्धेला आणलं. त्या पाठ फिरवून बसल्या.

पिंकी छान धावली. शेवटच्या उडीत आडवी दांडी किंचित हलली, पडली नाही. तरी परीक्षकांचा हात वर! चूक धरली.

मी पिंकीला पट्टा लावायला वाकले. पण मागून पदर खोचल्याचा आवाज यावा तशी चाहूल लागली, आणि पाहते तर सासूबाई थेट रिंगमध्ये! "दांडी पडली? खंय पडली? दाखय माका! माझ्या पिंकीचो पाय लागूंक ना!"

माझ्या पिंकीचो! मी जागच्या जागी थिजले. परीक्षकांनी दांडी पाहिली, सासूबाईंना पाहिलं, आणि हात खाली घेतला.

परतताना सासूबाईंनी पाववाल्या पदेराकडे गाडी थांबवायला लावली आणि गरम उंडे पाव घेतले.

"आई, मला भूक नाही हो," मी म्हटलं.

"तुका कोण दिता?"

* * *

आमच्या ग्रुपमध्ये बिनकुत्र्याचा एकच मेंबर, केरीचे गजानन काका. होडी घेऊन मासेमारी करतात. त्यांचा कुत्रा खंड्या गणेशचवथीच्या फटाक्यांना बिचकून पळाला तो परत आलाच नाही. काकांनी हरमलपर्यंत किनारा पालथा घातला, फेरीबोटीने तेरेखोलला जाऊन घरोघर विचारलं. मग दुसरा कुत्रा आणला नाही. आमच्याबरोबर यायचे, खुंट ठोकायचे, दोऱ्या बांधायचे.

पेडण्याच्या स्पर्धेला काका असेच दोरीपाशी उभे होते. रिंगमध्ये पुण्याची एक बाई धावत होती. "लिओ, जंप! लिओ, थ्रू!" तांबूस कुत्रा, अंग चकचकीत, वाऱ्यासारखा. तो आमच्यासमोरून गेला आणि काकांनी माझा दंड इतका घट्ट धरला की मी ओरडलेच!

"काय झालं काका?"

काकांची नजर त्या कुत्र्यावरच. मी वळून पाहिलं. कुत्र्याच्या डाव्या कानाचा टोकाचा तुकडा नव्हता. गळ अडकून खंड्याचा कान असाच फाटला होता. तो शिवताना मीच त्याला धरलं होतं.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. "काका, हाक मारा!"

कुत्रा तेव्हा उंच फळीच्या मधोमध होता. काकांनी तोंड उघडलं. आणि खांद्यावरचा टॉवेल तोंडावर दाबून धरला. कुत्रा फळी उतरेपर्यंत धरला, शेवटची उडी होईपर्यंत धरला.

लिओ पहिला आला. टाळ्या पडत होत्या आणि बाई सगळ्यांना सांगत होती, "हा आम्हाला बीचवर सापडला हो. नुसती हाडं राहिली होती. महिनाभर हाताने भरवलं मी!"

एवढ्यात लिओने मान वर केली, हवा हुंगली, आणि दोरीखालून सरळ आमच्याकडे! काकांच्या पायांवर अंग टाकून तो असा काही आवाज काढू लागला की आजूबाजूची माणसं वळून पाहू लागली.

बाई धावत आली. घाबरलेली. "सॉरी हं काका! हा कधीच असं कुणाकडे जात नाही!"

मी काकांकडे पाहिलं. विनायकने पाहिलं. आता बोलतील, आता बोलतील.

काका म्हणाले, "माझ्या हाताक मासळेचो वास येता, बाये. म्हणान आयलो."

मग वाकले. त्या फाटक्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाले, "वच बाबा, तिच्याकडे वच."

कुत्रा उठला. एकदा मागे पाहिलं, आणि बाईपाशी जाऊन बसला.

बाई थक्क! "अरेच्चा! याने ऐकलं कसं? याला तर फक्त इंग्लिश कळतं!"