पितळी बत्ता

हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. बायकोला निम्मं माहीत आहे, पोलिसांना त्याहून थोडं जास्त. मला स्वतःला तरी सगळं कळलंय असं नाही. जेवढं कळलंय तेवढं लिहितो.

मला लिलावाला जायची खोड आहे. सोलापुरात जुना बंगला पाडायला निघाला की आधी आतल्या सामानाचा लिलाव होतो. कपाटं, पंखे, दारं भंगारवाले उचलतात. मी कोपऱ्यातल्या पेट्यांभोवती घुटमळतो. घरात अडगळ फार झाली तेव्हा आता पुन्हा काही आणणार नाही, असं मी बायकोला कबूल केलं होतं. तरी गेल्या दसऱ्याच्या आधी एक हिरवी पत्र्याची पेटी घेतलीच. ‘मिलिटरीवाल्याची आहे साहेब,’ एवढंच लिलाववाला म्हणाला. पेटी तिथंच सोडली आणि आतल्या तीन वस्तू ऑफिसच्या बॅगेतून घरी आणल्या.

एक होती लोकरी कापडात शिवलेली पाण्याची बाटली. दुसरं काटा अडकलेलं होकायंत्र. तिसरीचं काही कळेना. मुठीत कशीबशी मावणारी जड पितळी वस्तू, खाली रुंद, वर निमुळती, टोक बोथट. पोटावर दोन कड्या आणि त्यांवर बारीक कोरलेले आकडे. त्यातली एक कडी फिरायची. फिरताना बारीक करकर व्हायची, आणि खरं सांगायचं तर मला तो आवाज आवडायचा. बायको स्वयंपाकघरात असली की टीव्ही बघता बघता मी ती फिरवत बसायचो.

जुन्या लष्करी वस्तू जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर फोटो टाकला. एक म्हणाला, कसलं तरी झाकण आहे. दुसरा म्हणाला, गवंड्याचा ओळंबा असतो तसा मोजणीवाल्यांचा ओळंबा असणार. तिसऱ्यानं लिहिलं, ‘तोफगोळ्याच्या तोंडावर बसवायचा फ्यूज वाटतो. आत दारू असू शकते. कडी फिरवू नका, आपटू नका, पोलिसांना कळवा.’ मग त्या तिघांचंच जुंपलं. मी ओळंब्यावर विश्वास ठेवला. ओळंब्याला दोरी ओवायला भोक लागतं आणि याला भोक नव्हतं, हे मला दिसत होतं. तरीही ठेवला. जुन्या चादरीत गुंडाळून तिन्ही वस्तू माळ्यावर सारल्या आणि गप्प बसलो. बायकोला सांगायचं तर आधी लिलावाचं सांगावं लागलं असतं. एवढंच कारण होतं का? दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही.

त्याच सुमारास सासूबाई डोळे तपासायला मोडनिंबाहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना मिक्सरमधली शेंगदाण्याची चटणी चालत नाही. ‘तेल सुटाया पायजे, पीठ न्हाय करायचं,’ असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे दगडी खल होता, पण त्याचा बत्ता पडून फुटलेला.

त्या दिवशी ऑफिसातून आलो तर जिन्यातच ठक ठक ऐकू आलं. स्वयंपाकघरात सासूबाई पाटावर बसलेल्या, पुढ्यात खल, आणि हातात ती वस्तू. चिंचेनं घासून लखलखीत केलेली. रुंद बाजू तळव्यात धरून बोथट टोकानं शेंगदाणे कुटणं चाललं होतं.

“या, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “ह्यो बत्ता माळ्यावर कशापायी टाकलाता वो? लई झ्याक हाय की. वजनानंच काम करतोय.”

“दसऱ्याची साफसफाई काढली होती, तेव्हा सापडला,” बायको म्हणाली. “कुठनं आणलाय हा?”

“ऑफिसातल्या एकाचा आहे. परत द्यायचाय.”

“देऊ की धुऊन. ह्यो एक घाणा हुंद्या,” सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा कुटायला लागल्या.

मी तेव्हा ओरडायला हवं होतं. हात धरायला हवा होता. मी म्हणालो, “आई, जरा हळू.”

“हळू कुटून चटणी हुती व्हय?” त्या हसल्या. बायकोही हसली. मी मात्र पाणी घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो. बाहेरच्या खोलीत! त्या दोघींना तिथं सोडून मी भिंतीपलीकडे जाऊन बसलो आणि ठक ठक थांबेपर्यंत बसून राहिलो. भीती वाटत होती म्हणून गेलो, की काही होत नाही असं वाटत होतं म्हणून? दोन्ही खरं असू शकत नाही. पण आठवतं ते दोन्ही.

सकाळी सासूबाई म्हणाल्या, “आज आनी दोन घाणं काढू. गावाकडं न्यायला.” मग मात्र मी ती वस्तू उचलली, टॉवेलात गुंडाळली आणि खाली पार्किंगमध्ये आलो. स्कूटरला किल्ली लावली आणि वाटेतले खड्डे आठवले. ती डिकीत ठेवावी की मांडीवर, ते कळेना. शेवटी पाण्याच्या टाकीमागे ठेवली आणि पोलिसांना फोन केला.

त्यांनी आख्खी बिल्डिंग खाली उतरवली. लोक रस्त्यापलीकडे उभे. सासूबाईंना कुणीतरी खुर्ची दिली. मागून बॉम्बवाल्यांची गाडी आली. त्यांच्या साहेबांनी मला विचारलं, “वस्तू पडली, आपटली, असं काही झालं?”

“शेंगदाणे कुटले,” मी म्हणालो.

“काय?”

“मी कुटलं, सायेब,” सासूबाई खुर्चीवरनं म्हणाल्या. “बत्ता हाय म्हणून.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळले. “आणि हे काय असू शकतं, ते तुम्हाला कधी कळलं?”

बायको माझ्या शेजारीच उभी होती. आज सकाळी कळलं, असं म्हणता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

“कुटायच्या आधी,” मी म्हणालो. “बरेच दिवस आधी.”

बॉम्बवाल्यांनी ती वस्तू वाळूच्या पेटीतून नेली. पुढे मी दोनदा चौकशीला गेलो. एकानं सांगितलं, आत काहीच नव्हतं. दुसरा म्हणाला, नष्ट केली, आता काय करायचंय तुम्हाला? नष्ट केली म्हणजे आत काहीतरी असणार ना? की तशी पद्धतच असते? अजून मला माहीत नाही.

सासूबाईंनी सगळ्याची गोष्ट करून टाकली; मोडनिंबात त्या ती रंगवून सांगतात. बायको भांडली नाही. त्या दिवशी वर आल्यावर एवढंच म्हणाली, “आई आहे ती माझी.” मी म्हणालो, “हो.”

आता बोलणं-चालणं पहिल्यासारखंच आहे. फक्त रात्री झोपताना मी गॅस बंद केलाय असं सांगितलं की ती ‘बरं’ म्हणते, आणि उठून बघून येते.