माश्यांच्या वाटणीची साखर

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना कीटकांच्या साखरेचा धडा आला की माझा आवाज कोरडा होतो. मुली म्हणतात, बाई चिडल्या. खरंच चिडते मी, पण ती चीड त्यांच्यावरची नसते. धडा तसा साधा आहे. बहुतेक किडे खाल्लेल्या साखरेचं ग्लायकोजेन करून ते अंगातल्या मेदाच्या पेशींत साठवतात, आणि लागेल तशी ट्रेहॅलोज नावाची साखर करून रक्तात सोडतात. त्या जोरावर पंख हलतात. मधमाशीच्या अंगात मात्र असा साठा फारच थोडा. तिची शिल्लक पोळ्यात. बाहेर निघताना थेंबभर मध पोटातल्या पिशवीत घ्यायचा आणि वाटेत थोडा थोडा जाळायचा. तो संपला आणि फूल सापडलं नाही, तर धडधाकट माशी जमिनीवर बसते ती उठत नाही.

हे मी पुस्तकाच्या आधी अक्काकडून शिकले. अक्का माझी थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच तिचा नवरा गेला आणि ती जानेफळला आमच्याकडे परत आली. महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती, खेड्यांत नवनवीन योजना येत होत्या. अशाच एका सरकारी शिबिरात ती मधमाश्या पाळायला शिकली आणि तीन पेट्या घेऊन आली. मळ्यातल्या कडुनिंबाखाली तिने त्या मांडल्या.

त्याच सुमारास डोणगावच्या एका बिजवराने तिला मागणी घातली. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण अक्काला तो माणूस नको होता, तो संसार नको होता. बाबा काही दुष्ट नव्हते. ते म्हणाले, "शिमग्यापर्यंत पाह्यतो. पेट्या चालल्या त राह्य इथंच, मी काई म्हनत नाई. नाई चालल्या त मंग मी म्हनीन तसं."

त्या साली पावसाने दगा दिला. करडई हातभरही वाढली नाही, फुलायची गोष्ट दूरच. पोळ्यातला मध माश्यांनी खाऊन संपवला आणि पेट्यांपुढे माश्या पडू लागल्या. अक्का पडलेली माशी तळहातावर घ्यायची, आगकाडीच्या टोकाने साखरपाण्याचा थेंब तिच्या तोंडाशी न्यायची. माशी सोंड काढून प्यायची, थोडा वेळ नुसती थरथरायची आणि उडून जायची. नवरा गेल्यापासून अक्काला हसताना मी फक्त तेव्हाच पाहिलं.

पण साखर रेशनची. आमच्या घरी ती पाहुण्यांपुरती असायची, घरचा चहा गुळाचा. पाहुण्यापुढे गुळाचा चहा ठेवला तर गावभर नाव निघालं असतं. तरीही मायने त्या महिन्याची सगळी साखर अक्काच्या हवाली केली. माय तोंडाची फटकळ. "घाल तुया लेकराइले," म्हणाली.

आणि डोणगावचे पाव्हणे न सांगता आले. बिजवर, त्याचे भाऊ, एक काका, गाडीभर माणसं. मायने अक्काकडे पाहिलं. अक्कानेच फळीवरचा डबा काढून दिला. चहा झाला, परत झाला, कुणी म्हणालं अजून अर्धा कप चालेल. कप घेऊन अक्कालाच बाहेर जावं लागलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. काका खूश होऊन म्हणाला, "पोरगी कामाची दिसते." मला त्याच्या अंगावर चहा ओतावासा वाटला. डब्याच्या तळाला काही राहिलं नव्हतं.

शिबिरात सोबत असलेली एक बाई मेहकरला राहायची. तिच्याकडून साखर मिळते का पाहायला अक्का गेली आणि साखर जमेपर्यंत तिकडेच आठवडाभर अडकली. इकडे माश्या पडतच होत्या. बाबांना ते बघवेना. उन्हातून आलेल्याला आम्ही गूळपाणी देतो, बाळंतिणीला गूळ देतो, गुळाने कुणाचं वाईट होईल हे आमच्याकडे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. गूळ चालत नाही हे अक्काने सांगितलं होतं, पण बाबांना वाटलं ते सरकारी लोकांचं थेर. "देवाले गूळ चालते, मंग माशीले काऊन नाई चालनार?" असं म्हणून त्यांनी घरातला चांगल्यातला गूळ काढला, पातळ पाक केला आणि स्वतःच्या हाताने तिन्ही पेट्यांत ठेवला. माश्या तुटून पडल्या. बाबा किती समाधानाने घरी आले होते.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. गुळात मळी असते, क्षार असतात, ते माशीच्या आतड्याला सोसत नाही. तिला हगवण लागते. अक्का आली तेव्हा पेट्यांच्या फळ्यांवर तपकिरी डाग होते आणि पोटं फुगलेल्या माश्या मातीत सरपटत होत्या. ती तशीच पिशवी खांद्याला ठेवून खाली बसली आणि एकेकीला आगकाडीने साखर पाजू लागली. काही माश्या प्यायल्या. उडाली मात्र एकही नाही. ऊन कलेपर्यंत ती बसून होती आणि मी तिच्या मागे उभी होते. मला रडूही येत नव्हतं.

बाबा आले, पेट्यांकडे पाहून अक्काला म्हणाले, "म्या त भल्यासाठीच देल्लं, माय." अक्काने मान हलवली. बाबांना ती तेव्हा एका शब्दाने बोलली नाही, नंतरही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

घरात येऊन तिने मेहकरहून आणलेली साखरेची पुडी मायच्या हातात दिली.

"ठेवून दे," ती म्हणाली. "डोनगावचे येतीन आता."

ते आले आणि पाट ठरला. त्या दिवशी चहा मला न्यायला लावला. अक्का आता त्यांच्या घरची होती.