देवबाग ते भोगवे, जाण्याचे चार मार्ग

आमच्याकडे उतरलेले पाहुणे दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बसले की एकच प्रश्न विचारतात: भोगव्याला कसं जायचं? देवबागचा किनारा बघून झालेला असतो. समोर, कर्ली नदीच्या मुखापलीकडे, भोगव्याची वाळू दिसत असते आणि मोबाइलमधला नकाशा मात्र मालवणावरून लांबचा वळसा दाखवतो. तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून मी एक कागद तयार केला. स्वच्छ अक्षरात लिहिला, लॅमिनेट करून घेतला आणि जेवणाच्या खोलीत खिळ्याला टांगला.

त्यात चार मार्ग होते. होडी, दहा मिनिटं. एसटी, मालवणात बदलून, अर्धा दिवस गेला समजा. रिक्षा किंवा स्वतःची गाडी, चौके आणि नेरूरपारच्या पुलावरून, दीड तास. आणि चौथा, जाताना होडी, येताना रस्ता. यापुढे मी चांदणी काढून 'उत्तम' असं लिहिलं होतं. होडीच्या ओळीखाली बारीक अक्षरात होतं, 'भरती-ओहोटी पाहून.'

भोगवे माझं माहेर. पाहुण्यांना ते सांगत नसे. सांगितलं की त्यांना घर बघायचं असतं, आणि त्या घरात माझी आई एकटी होती. शेजारीण सकाळ-संध्याकाळ बघायची, मी आठवड्यातून एकदा जायचे. दोन वर्षांपासून आई विसरत चालली होती. आधी भांडी, मग वार, मग माणसं. गेल्या पावसाळ्यात दोनदा ती रात्रीची घराजवळच्या घाटीवरून, त्या उभ्या चढाच्या वाटेवरून, खाली उतरताना सापडली. तेव्हा माझ्या मुंबईच्या भावाने ठरवलं, दिवाळी झाली की तिला घेऊन जायचं. घर बंद करायचं. परत आणायचं कुणी बोलत नव्हतं, पण आणणार नव्हतो हे दोघांनाही माहीत होतं.

आई मला अजून ओळखत होती. चेहऱ्याने नाही. मी जवळ बसून तिचा हात हातात घेतला की ती माझ्या मनगटावरचा भाजल्याचा डाग अंगठ्याने चाचपायची आणि म्हणायची, "इलंस गो बाय." मुंबईला गेल्यावर हे किती दिवस टिकेल, ते डॉक्टरही सांगत नव्हते. मला ते जायच्या आधी एकदा हवं होतं. एवढंच हवं होतं.

दिवाळी झाली, भाऊ गाडी घेऊन भोगव्याला आला, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला. भोगव्यात रेंज येते-जाते. "ताये, उद्या नऊक निघतंव," एवढं ऐकू आलं आणि फोन कट झाला. पुन्हा लागला असता. मी लावला नाही. निघणाऱ्या माणसाला कुठे, कसा, कुठच्या वाटेने असं विचारायचं नाही, हे आमच्याकडे लहानपणापासून अंगात भिनलेलं. विचारलं तर काम होत नाही, वाटेत आडवं येतं. आईने याच कारणावरून मला एकदा दारातच चापट मारली होती; वडील बोटीवर निघाले होते आणि मी "खंय चाललास?" म्हटलं होतं. आणि विचारायचं तरी काय होतं? मुंबईला जाणारी गाडी भोगव्याहून परुळे, कुडाळ, हायवे अशीच जाणार.

मी येणार आहे हेही त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असता, सीझन आहे, घर भरलंय, कशाला धावपळ. मी वहीत यादी केली. सव्वाआठला होडी. पावणेनऊला घर. गाडीत आईशेजारी बसून कुडाळपर्यंत जायचं. कुडाळहून एसटीने मालवण, संध्याकाळच्या चहाला देवबाग. म्हणजे माझाच चौथा मार्ग, जाताना होडी, येताना रस्ता. नाश्त्याला घावणे आणि दुपारची आमटी नवऱ्यावर सोपवली. आईसाठी तिचं जुनं मऊ लुगडं, कोकमाची आगळ आणि पेजेचा डबा घेतला.

सकाळी भरती होऊन गेली होती, पाणी अजून भरपूर होतं. होडीवाला ओळखीचा. पलीकडे उतरल्यावर तो म्हणाला, "थांबू काय?" मी म्हटलं, "नको, परतीक रस्त्यान जातलंय." तो पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला निघून गेला.

घराला कुलूप होतं.

पायरीवर शेजारीण केरसुणी घेऊन उभी होती. "गेली," ती म्हणाली. "अर्धो तास झालो. म्हातारी चार वाजल्यापासून उठान बसलेली. लुगडा नेसली आणि गाडयेत जाऊन बसली. मगे तुझ्या भावान म्हटल्यान, आता कित्याक थांबूचा?"

"कुडाळाक गेली?"

"माका काय ठावक?"

"विचारलंस नाय?"

तिने केरसुणी खाली ठेवली. "भायर पडतल्या माणसाक खंय म्हणान कोण इचारता? तुझ्या आवशीनच शिकवल्यान माका."

भावाचा फोन लागेना. मी पायरीवर बसले. काय काय करता येईल ते मनात मांडत गेले. रिक्षा करून कुडाळ. ते अर्धा तास पुढे, गाठणं शक्य नाही. हायवेवर कुणाला सांगून गाडी थांबवणं, कुणाला सांगू? रात्रीच्या बसने मुंबई. मग घरातल्या नऊ पाहुण्यांचं काय? प्रत्येक ओळीपुढे फुली पडत होती. पेजेचा डबा मांडीवर गरम लागत होता. शेजारणीने चहा आणून दिला, तो तसाच ठेवला. किती वेळ बसले ते सांगता येत नाही, आणि मी वेळ सांगू न शकणारी बाई नाही.

शेवटी ती म्हणाली, "वर घाटयेर जा, थंय फोन लागता." मी वर चढले. चढता चढताच फोन थरथरायला लागला. नवऱ्याचे सात मिस्ड कॉल.

"खंय आसस तू?" तो म्हणाला. "आई हंय येऊन बसली आसा."

भाऊ नेरूरपारच्या पुलावरून आईला देवबागला घेऊन गेला होता. मला भेटवायला. त्याने फोन घेतला. "तुका भेटल्याशिवाय कसो जातलंय मी? तू घरातच असतलंस, खंय जातलंस सीझनात?"

"माका सांगूक नको होता?"

"तू इचारलंस नाय."

मग तो कामाचं बोलला. आईला शांत ठेवायची गोळी सातला दिली होती. दुपारनंतर तिचा अंमल उतरतो आणि ती गाडीचं दार उघडायला बघते. तोवर जास्तीत जास्त रस्ता मागे टाकायचा होता. "अकरापर्यंत थांबतंय. पुढे नाय जमूचा. नायतर असा कर, तू रिक्षान चौक्याक ये. आमी थंयसूनच जातलंव. तिठ्यार भेट."

घड्याळात दहा वाजायला दोन मिनिटं होती. रिक्षाने चौके पाऊण तास. जमत होतं. शेजारीण खालून विचारतही होती, रिक्षा सांगू काय? तेवढ्यात मी होडीवाल्याला फोन लावला. "धा मिंटात इलंय बाय," तो म्हणाला.

तिठ्यावर, एसटी आणि टेम्पोंच्या धुरात, गाडीच्या खिडकीतून आईचा हात धरायचा? ती माझ्या घरात बसली होती. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पाटावर. मला तिला तिथे बघायचं होतं, तिथे पेज भरवायची होती. मी शेजारणीला म्हटलं, "रिक्षा नको."

होडी दहा मिनिटांत आली नाही, साडेदहाला आली. पाणी उतरायला लागून बराच वेळ झाला होता. मी सकाळी भरती पाहिली होती ती जाण्याची. येण्याची वेळ माझ्या यादीत नव्हतीच, येताना रस्ता होता. मुखाच्या मध्यावर होडीचा तळ वाळूला घासला, मग बसला. होडीवाला उतरून ढकलू लागला, त्याच्या पोटरीएवढं पाणी होतं. मीही उतरले, साडी खोचून ढकललं. होडी हलली आणि चार हातांवर पुन्हा बसली.

"चलत जाऊक येतला?" मी विचारलं.

"मधी खोल आसा. ओढ आसा. गप बसा बाय."

समोर देवबागचे माड दिसत होते. आमच्या घराचा लाल पत्रा दिसत होता. अकराला पाच कमी असताना मी फोन लावला. नवऱ्याला म्हटलं, आईच्या कानाला लाव.

"आये," मी म्हटलं. "आये, मी इलंय गो. हंय पाण्यात आसंय. थोडी थांब." आणखीही काही बोलले असेन. मी रडत होते, होडीवाला पाठ करून उभा होता.

 मग आई फोनपासून तोंड फिरवून नवऱ्याला म्हणाली, आणि ते मला स्वच्छ ऐकू आलं, "कोण तरी बायल रडता हा. तिका पाणी दी."

भाऊ सव्वाअकरापर्यंत थांबला. त्याहून जास्त मी त्याला थांबायला सांगितलं नाही. मी मुखाच्या मध्यावर, उघड्या पडलेल्या वाळूवर उभी होते तेव्हा त्यांची गाडी तारकर्लीच्या रस्त्याला लागली असणार. दुसरी एक होडी दोर टाकून आम्हाला ओढायला आली तेव्हा बारा वाजून गेले होते.

घरात पाहुणे जेवत होते. नवरा आमटी वाढत होता, त्याने माझ्याकडे बघून डाव खाली ठेवला. आई पाटावर नीट बसली होती, म्हणाला. अर्धा घावणा खाल्ला. दोनदा विचारलं, घरधनीण खंय गेली. तिसऱ्यांदा विचारलं नाही. मग जाताना भिंतीवरचा तो कागद तिने खिळ्यावरून काढून घेतला. भाऊ परत ठेवायला लागला तर ओरडली. "बोटान चाचपीत होती," नवरा म्हणाला. "ऱ्हवान दे म्हटलं."

खिळ्याखाली भिंतीवर कागदाच्या आकाराची पांढरी जागा राहिली आहे.

भाऊ सांगतो, मुंबईत तो कागद तिच्या उशीखाली असतो. कुणी काढला की ती बिथरते. अक्षर कुणाचं ते तिला माहीत नाही. वाचताही येत नाही आता. डिसेंबरात मी दोन दिवसांसाठी जाऊन आले. तिचा हात हातात घेतला. तिने अंगठा हलवला नाही.

नवा कागद मी लिहिलेला नाही. पाहुण्यांना तोंडी सांगते, आणि होडीने जाणाऱ्याला परतीच्या वेळेचं पाणी दोनदा सांगते. आणखी एक गोष्ट करते. घरातून, वाडीतून कुणीही निघालं की दारात उभी राहून विचारते: खंय? खंयच्या वाटेन? पुण्या-मुंबईच्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. पण परवा शेजारच्या म्हाताऱ्याने सायकलवर टांग टाकली होती, ती खाली घेतली, परत घरात गेला, पाणी प्यायला आणि पाच मिनिटं ओसरीवर बसून राहिला.

"तुझ्या आवशीन तुका कायच शिकवल्यान नाय काय गो?" तो म्हणाला.

"शिकवल्यान," मी म्हटलं. "पण खंय चाललास ता सांग."