नही म्हणी टाका

मोबाइलवर गाडी विकायची जाहिरात टाकली आणि धुळ्यातली बठ्ठी, अगदी सगळी, रिकामटेकडी माणसं माझ्या दारात आली. कुणी गाडी न बघताच "फायनल बोला" म्हणे, कुणी टायरला लाथ मारून निघून जाई.

रविवारी एक गृहस्थ बायकोला घेऊन नरडाण्याहून मोटरसायकलवर आला. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्याने आधी तिला पुढच्या सीटवर बसवलं, दार हळूच लावलं आणि मग निम्मी किंमत सांगितली. माझं डोकंच फिरलं. मी काही बोलणार तोच त्याने मला डिकीमागे नेलं.

"भाऊ, नही म्हणी टाका," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तिले हौस शे, मनी ऐपत नही. मालकच नही म्हने, असं तिले सांगसू."

मी तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा "नाही" म्हणालो.

ती मुळीच नाराज झाली नाही. पट्टा सोडून उतरली, सीटवरून एकदा हात फिरवला आणि मोटरसायकलवर त्याच्या मागे बसता बसता म्हणाली, "मागला रविवारनी गाडीपेक्षा हाई चांगली व्हती. पुढला रविवारले लाल रंगनी देखूत."