कुटाराच्या वासरात जीव घालताना

अमरावतीला कॉलेजात होतो, तेव्हा रविवारी सकाळी टॉकीजमध्ये इंग्रजी सिनेमे लागत. माझी भक्ती एकाच प्रकारावर: वेडा शास्त्रज्ञ, काचेच्या नळ्यांत खदखदणारं पाणी आणि टेबलावर चादरीखाली मढं. वीज कडाडली की मढ्याचं बोट हलायचं आणि शास्त्रज्ञ काहीतरी ओरडायचा. काय, ते मला कळत नसे. पण खोलीवरच्या पोरांत सायन्सला मी एकटाच, म्हणून भाषांतराचं काम माझ्याकडे. मी बेधडक सांगायचो, तो म्हणून राहिला, करंट कमी पडला, वाढवा. मागच्या बाकांवरचे लोकही कान द्यायचे. हळूहळू माझीच समजूत झाली, की यातलं आपल्याला खरोखर कळतं. अकोल्याला वडिलांना मात्र मी कळवलं होतं, की रविवारी जादा प्रॅक्टिकल असतात.

अशात दिवाळीला वलगावला मामाकडे गेलो. मामेबहीण बाळंतपणाला आली होती. तिला दूध पुरत नव्हतं, तान्हं बाळ घरच्या गाईच्या दुधावर होतं. आणि नेमकं गाईचं वासरू मेलं. समोर वासरू नसलं की गाय पान्हा चोरते. म्हणून मामानं सगळे करतात तेच केलं: वासराच्या कातड्यात कुटार, म्हणजे भुसा भरून शिवून घेतला आणि ते गाईपुढं ठेवलं. मान एकीकडे, पाय बाजेच्या खुरांसारखे ताठ. पण गाय त्याला चाटायची आणि मामी तेवढ्यात दूध काढून घ्यायची.

मला ते ध्यान बघवेना. इतके शास्त्रज्ञ कोळून प्यायलेला मी, आणि घरात असलं वासरू? दुपारी घरची मंडळी कापूस वेचायला गेली तशी मी शिवण उसवली. मानेत सायकलच्या सीटची स्प्रिंग बसवली, डोळ्यांत टॉर्चचे दोन बल्ब, पोटात सेल. मुंडकं खाली दबलं की तार टेकणार आणि डोळे पेटणार. तीन वर्षांच्या प्रॅक्टिकलमध्ये माझा एकही प्रयोग असा पहिल्या झटक्यात जमला नव्हता.

संध्याकाळी मामी दूध काढायला बसली. गाय चाटायला वाकली. मुंडकं खाली गेलं, डोळे पेटले आणि मान वर उसळली. गाईनं अशी लाथ झाडली की चरवी गोठ्याबाहेर आणि मामी शेणात. दावं तोडून गाय कोपऱ्यात जाऊन थरथरत उभी राहिली. वासरू आपलं तिच्याकडे बघून मान डोलावतच होतं. सिनेमात या जागी शास्त्रज्ञ पळतो. मीही पळालो, कडब्याच्या गंजीमागं.

नंतर स्प्रिंग काढली, बल्ब काढले, वासरू पुन्हा होतं तसं शिवलं. पण गाय त्याच्याकडे तोंड करीना, आणि दूध उतरेना. आत बाळ साखरेच्या पाण्यावर रडत होतं.

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, त्यामुळे भाच्याला रागवायची सोय नाही. मामा चकार शब्द बोलला नाही, तेच मला सोसेना. शेवटी मीच म्हटलं, "मामा, दोन शिव्या तरी द्या."

तो वासराची शिवण चाचपत म्हणाला, "शिव्या कायच्या, बाप्पा. हे कुटाराचं हाय, हे तिले का मालूम नोतं? चालवून घेत होती बिचारी. तुमी त्याले जिवंत केलं. आता कशी चालवून घेईन?"

मामी चरवी धुऊन शेजारी निघाली. त्या घराशी तिचा बांधावरून अबोला होता. मी तिच्या हातातून चरवी घेतली आणि गेलो. शेजारीण जुनं काही बोलली नाही. चरवी भरता भरता एवढंच म्हणाली, "तुमची गाय तं देऊन राह्यली होती न? काय झालं तिले?"

"आटली वाटते," मी म्हणालो.

"मंग ठेवता कायले? बाजारात नेऊन सोडा म्हना मामाले."

आमच्या गाईच्या हंबरण्याचा आवाज कुडाच्या पलीकडून येत होता. मी भरलेली चरवी उचलली.

घरी मामी दारातच उभी होती. काय म्हणाली शेजारीण, म्हणून तिनं विचारलं. काही नाही, म्हटलं. बाळ दूध पिऊन निजलं. मी रिकामी चरवी उचलली आणि गोठा टाळून, माजघरातून मागच्या दारानं विहिरीवर घासायला गेलो.