सतरा माठांची सोयरीक

निघोज्याचा चिमाजी औषधाच्या कारखान्यात पंपावर कामाला होता, आणि त्यामुळेच त्याचं लग्न जमत नव्हतं.

मुलीकडचे विचारायचे, कंपनीत काय बनवतोस? चिमाजी खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. "काय बी न्हाई," तो सांगायचा. "बाटलीत हवा असती ती काढून घेतो. मागं काय राहत न्हाई." पंप म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांपुढे विहिरीवरचं इंजिन आणि पाटाचं पाणी येतं, त्यांना नुसता ओढणारा आणि काहीच न देणारा पंप पटेना. काहीच न बनवणाऱ्या माणसाला कंपनी आज ना उद्या घरी बसवणार, असं ठरवून दोन स्थळं उठून गेली.

तिसरं स्थळ तळवड्याच्या कोंडाजींचं. मुलगी ठकू. चिमाजीने तिला जत्रेत पाहिलं होतं, आणि हे जमलं नाही तर आपण लग्नच करणार नाही, असं तो आमच्या क्वार्टरच्या मागच्या पायरीवर बसून मला सांगून गेला. काम कारखान्यातल्या आमच्या ह्यांच्या प्रयोगशाळेत, पण गाऱ्हाणी माझ्याकडे. कोंडाजींनी निरोप धाडला होता: रविवारी येतो, पोरगा काय करतो ते डोळ्यांनी दाखवा.

काहीच नसलेलं डोळ्यांनी कसं दाखवणार? तोड यांनी काढली. काचेच्या चंबूत पाणी घ्यायचं आणि वरची हवा ओढून घ्यायची, की पाणी चुलीशिवाय उकळतं. साहेबांची परवानगीही यांनीच आणली. तेलाचा पंप लाव, दोन मिनिटांचं काम आहे, असं हे म्हणाले.

चिमाजीने साफ नकार दिला. त्या पंपात पाण्याची वाफ गेली की तेलाचं ताक होतं. मध्ये वाफ अडवायला बर्फ लागतो, तो पुण्याहून येतो, रविवारी येत नाही. आणि सोमवारी त्याच पंपावर औषध वाळवायचं होतं.

"लगीन तुझं आहे ना रे?" मी विचारलं.

"लगीन माझं हाय, बाई. पंप कंपनीचा हाय."

राहिला पाण्यावर चालणारा पंप. त्याला वाफेचं काही वाटत नाही, पण त्याची एक खोड आहे: त्याला पाजायचं पाणी जितकं गार, तितकाच तो खोल ओढतो. एप्रिलचा महिना, टाकीतलं पाणी हात पोळणारं. चिमाजीने शनिवारी करून पाहिलं. चंबूतलं पाणी ढिम्म.

म्हणून रविवारी सकाळी आम्ही वसाहतीत घरोघर माठ मागत फिरलो. सतरा मिळाले. शेजारच्या मंजुळाबाईंनी माठ देताना विचारलं की एवढं गार पाणी कोण पिणार आहे. पंप, म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. कोंडाजी आणि त्यांची बहीण गोजाबाई वेळेआधीच आले, तर चिमाजीने कोंडाजींच्या खांद्यावरही एक माठ दिला. सगळं पाणी पंपाला पाणी पुरवणाऱ्या पिंपात ओतलं. मग माझ्या लक्षात आलं की पाहुण्यांना गूळ दिला आहे आणि प्यायचं पाणी कुठल्याच घरात उरलेलं नाही. भावंडं प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात नुसता गूळ चघळत बसली.

पंप सुरू झाला. चंबूत आधी बुडबुडे आले, मग पाणी खळखळायला लागलं. कोंडाजींनी भीतभीत काचेला बोट लावलं आणि काढलंच नाही.

"गार हाय की. मग याचा च्या?"

"व्हत न्हाई."

"मग उपेग काय?"

औषध तापलं तर मरतं, म्हणून ते असं गारच उकळून वाळवायचं, हे चिमाजीने नीट समजावलं. कोंडाजींनी ऐकून घेतलं आणि मान हलवली, ती आडवी. चिमाजीचा चेहरा उतरला. हात मात्र हवेच्या चावीवरच होता. पाणी उसळून नळीकडे धावलं की तो चावी कणभर सैल करी, जराशी हवा आत जाई, पाणी खाली बसे. मग पुन्हा आवळी. हे दहा-पंधरा मिनिटं चाललं. त्याने एकदाही मान वर केली नाही.

गोजाबाईंचं लक्ष पाण्याकडे नव्हतंच. त्या चिमाजीच्या हाताकडे पाहत होत्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "ठकूनं काल दूध उतू घालवलं. परवा बी घालवलं. ह्यो माणूस मघाधरनं एक थेंब उतू जाऊ देईना."

कोंडाजींनी काचेवरचं बोट काढलं. मग त्यांनी विचारलं, "दूध बी आसंच राखशील?"

"दुधाला ही चावी न्हाई," चिमाजी म्हणाला. "पर चुलीम्होरं बसून राहीन."

कोंडाजींनी खिशातून सुपारी काढली. सोयरीक झाल्याची सुपारी फोडायला आमच्या ह्यांनी अडकित्ता शोधायला सुरुवात केली. चिमाजी उठला नाही. पंप तसाच बंद केला तर पिंपातलं पाणी उलटं चंबूत शिरतं, म्हणून आधी त्याने चावी हळूहळू पूर्ण उघडली, हवा आत घेतली, मग पंप थांबवला, चंबू उतरवून फडक्याने पुसला, आणि तेव्हा कुठे सासऱ्याच्या पाया पडला.